शाबाजी पाखऱ्याचं पटकूर

दोष सखोबा गावकराचा होता. त्याच्यामागे बसून माना डोलावणाऱ्या अकरा मानकऱ्यांचाही होता, पण पहिला सखोबाचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण केरवळ गावातली म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना वाऱ्याला दोष देतात, दर्याला देतात, नशिबाला देतात, आणि सखोबाचं नाव यायची वेळ आली की त्यांना खोकला येतो.

तर ऐका. फार वर्षांमागे, केरवळच्या किनाऱ्याला शिडाच्या होड्या तेवढ्या ठाऊक होत्या, तेव्हाची गोष्ट. गावासमोर, घटकाभर वल्हवलं की लागतं, असं एक बेट आहे. त्याला बोडकं बेट म्हणतात, कारण त्याच्या डोक्यावर एक झाड नाही. गोड्या पाण्याचा थेंब नाही. नुसता काळा कातळ. पूर्वेच्या अंगाला खोल कपारी, पश्चिमेला एक गुहा आणि त्या गुहेत पाकोळ्यांची घरटी. बेटाच्या उत्तरेला पाण्याखाली खडकांची रांग आहे. बेट आणि ती रांग यांच्या मधून एक अरुंद वाट जाते. घरी येणाऱ्या प्रत्येक होडीला त्याच वाटेनं यावं लागतं, दुसरी वाट नाही. हे ध्यानात ठेवा.

होळी सरली की या बेटावर सुरया येतात. पांढरीशुभ्र पाखरं, डोक्यावर काळी टोपी, शेपटीची कात्री. कुठून येतात कुणास ठाऊक. येतात तेव्हा कुणी आभाळातून पोत्यानं कवड्या ओतल्यासारखं दिसतं. त्या घरटं बांधत नाहीत. उघड्या कातळावर एक नाहीतर दोन अंडी घालतात, दगडाच्याच रंगाची, ठिपक्यांची, आणि वर बसतात.

शाबाजी तारी दर्यावर्दी घरात जन्मला आणि होडीत उभा राहू शकला नाही. लाट उठली की त्याच्या पोटातलं बाहेर. होड्या चालवणाऱ्या तांडेलांनी त्याला तीन हंगाम सोसलं. चौथ्या हंगामात मानकऱ्यांनी ठरवलं की हा गडी होडीवर नको, याला बेटावर टाका. तेव्हा उन्हाळ्यात गावची मासळी बेटाच्या कातळावर सुकत घालत, कारण तिथे कुत्री नाहीत, मांजरं नाहीत. पाखरं तेवढी होती. म्हणून शाबाजीला एक काठी दिली, एक गोफण दिली आणि सांगितलं, पाडव्यापासून मृगापर्यंत इथेच राहायचं आणि पाखरं हाकलायची. त्याची बायको आवडू हिनं दर तिसऱ्या दिवशी गावच्या होडीतून पाण्याची घागर पाठवायची. झालं. म्हाताऱ्यांनी हात झटकले आणि पान खाल्लं.

पहिल्याच दुपारी शाबाजीनं गोफण फिरवली. धोंडा लागला नाही, पण एक सुरय उठून दर्याकडे गेली. ती बसली होती तिथे तो गेला. एक अंडं होतं. शेजारच्या कातळावर त्यानं बोट टेकवलं आणि भाजलं म्हणून लगेच काढून घेतलं. एवढ्यात ती सुरय परत आली. तिच्या पोटाची पिसं चिंब भिजलेली होती. तशीच निथळत ती अंड्यावर बसली, पंख जरा उघडून, सावली धरून. शाबाजी तिथेच उकिडवा बसून राहिला. ती थोड्या वेळानं पुन्हा उठली, पुन्हा पाण्याला पोट लावून आली, पुन्हा बसली. दिवसभर तिचं हेच. माणसाला वाटतं पाखरू अंड्याला ऊब देतं. बोडक्या बेटावर पाखरू अंड्याला गारवा देतं. दुपारी ते जर घटकाभर उठलं तर अंडं जागच्या जागी उकडतं.

त्या संध्याकाळी शाबाजीनं गोफण दर्यात टाकली. फाटकी जाळी मासळीवर अंथरली. मासळी वाचली आणि पाखरंही. इतकं साधं होतं ते. पण आजवर कुणा शहाण्याला सुचलं नव्हतं.

मग तो पाहायला लागला. दुसरं काम नव्हतंच. कुठली सुरय कुठल्या भेगेशी बसते, नर मासा आणतो तेव्हा मान कशी वाकवतो, काकण गरुड वरून गेला की कुठली पाखरं आधी उठतात आणि कुठली मागाहून, पाकोळ्या गुहेत शिरताना पंख कधी मिटतात. सगळं त्याच्या डोळ्यांत बसलं. त्याचे डोळे असे झाले की किनाऱ्यावरून निघालेल्या होडीत कोण कुठल्या वल्ह्यावर आहे ते तो बेटावरून सांगायचा, असं म्हणतात. पाचव्या उन्हाळ्यात सुरया त्याच्या पायाखालून उठेनाशा झाल्या. तो बसला की त्याच्या सावलीत येऊन बसायच्या, आणि सावली सरकली तर शाबाजीही सरकायचा, असंही म्हणतात. गाव त्याला पाखऱ्या म्हणायला लागलं. ते काही कौतुकानं नव्हे.

आणि पाहता पाहता त्याला एक गोष्ट दिसली. वैशाखा-ज्येष्ठात कधीकधी, आभाळ धुतल्यासारखं निळं असतानाच, सुरया पिल्लांना पुढे घालून पूर्वेच्या कपारींत नेऊ लागायच्या. मग बाकीची पाखरं चोची नैर्ऋत्येकडे करून कातळावर बसायची आणि गप्प व्हायची. ज्या बेटावर कानात बोटं घालावी लागतात तिथे शेजारच्याचा श्वास ऐकू येईल इतकी गप्प. हे सकाळी झालं की उतरत्या उन्हाच्या आत वादळ यायचं. एकदा नाही, दरवेळी.

शाबाजीनं आवडूचं जुनं तांबडं लुगडं फाडून एक पटकूर केलं, बेटाच्या माथ्यावर बांबू रोवला आणि गावाला कळवलं: पटकूर दिसलं तर होड्या सोडू नका. पहिल्या वर्षी लोक हसले आणि एका होडीचं शीड फाटून आलं. दुसऱ्या वर्षी कमी हसले. त्यानंतर मासळीवाल्या बाया तांबडं फुटताच एकमेकींना विचारायला लागल्या, "बेटाकडे बघलंस गो?" सात वर्षं पटकूर खोटं पडलं नाही आणि सात वर्षं केरवळचा एकही माणूस वादळात गेला नाही.

आता कुणाला वाटेल, गावानं शाबाजीला डोक्यावर घेतलं असेल. अहो, गावात मानकरी होते ना.

त्याआधी होड्या कधी सोडायच्या आणि कधी ओढायच्या ते देवळात ठरत असे, कौल लावून. देवीच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट पाहायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा राघो गुरव, आणि देवीला प्रश्न घालायचा मान सखोबाचा. सखोबानं विचारल्यावाचून देवी बोलत नसे, आणि देवी बोलल्यावाचून होडी हलत नसे. म्हणजे गावचा दर्या सखोबाच्या जिभेवर होता. आता तो एका ओकणाऱ्या माणसाच्या फाटक्या लुगड्यावर गेला. देवळाच्या पायरीवर सकाळी माणूस दिसेना. सखोबाला ते लागलं. चांगल्याला चांगलं म्हणायला जीभ उचलावी लागते, आणि म्हाताऱ्या मानकऱ्याची जीभ जड असते.

पटकुराच्या आठव्या उन्हाळ्यात सरकारचा कुणी मोठा अंमलदार सखोबाच्या घरी जेवायला यायचा होता. सखोबाला वाटलं, जे कुणाच्या ताटात नाही ते आपल्या ताटात असावं. बोडक्या बेटाची अंडी. शाबाजीला कळलं तसा तो पोट धरून होडीतून गावात आला आणि देवळापुढे उभा राहिला.

"गावकारानू," तो म्हणाला, "दुपारी माणसा धाडू नकात. पाखरां उठली की नेलेली अंडी तर गेलीच, मागे रवलेली पण उकडतली. जाऊचाच आसा तर उतरत्या उन्हात जावा."

"तू माका येळ सांगतलंस?" सखोबा म्हणाला. "होडयेत पाय ठेवलंस की ओकतंस, आणि गावाक दर्यो शिकवतंस?"

मानकरी हसले. एक जण म्हणाला, "सुरयेक इचारून इलंस काय रे, पाखऱ्या?"

"ह्यां अंडां उकडला तर पिल्लू नाय," शाबाजी म्हणाला. "पिल्लू नाय तर पाखरू कपारीत कोणाक न्हेतला? मग माका वारो कसो कळतलो? पटकूर कशाच्या जोरार लावू?"

"लाव नको," सखोबा म्हणाला. "आमका देवी आसा."

आणि त्यानं मुद्दाम भर दुपारी बारा माणसं टोपल्या देऊन पाठवली. उतरत्या उन्हात पाठवली असती तर जेवणाला उशीर होणार नव्हता. पण मग शाबाजीचं ऐकल्यासारखं झालं असतं.

शाबाजी उतरायच्या कातळावर आडवा उभा राहिला. त्याला बाजूला सारलं. बारा माणसं टोपल्या भरत बेटभर फिरली आणि सगळ्या सुरया आभाळात गेल्या. एक पूर्ण प्रहर खाली उतरल्या नाहीत. त्यांच्या ओरडण्यानं किनाऱ्यावरची गुरं दावं तोडून पळाली, असं म्हणतात. त्या प्रहरभरात शाबाजीनं अंगावरचं धोतर सोडलं, दर्यात बुडवलं आणि धावत येऊन अंड्यांवर पिळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. आवडू त्या दिवशी पाणी घेऊन आली होती. तिनं पदर बुडवला. दोघांचे तळवे कातळानं सोलून निघाले. टोपलीवाले ते बघून हसत होते, कारण लंगोटीवरचा माणूस दगडांना आंघोळ घालतो आहे असंच ते दिसत होतं. दोघांनी हजार अंडी वाचवली असं म्हणतात. हजार नसतील. दोन धोंड्यांच्या टप्प्यात मावेल एवढीच जागा भिजली असेल. बाकीचं बेट उकडलं.

अंमलदारानं एक घास घेतला आणि ताट सरकवलं. त्याला अंड्यांना मासळीचा वास आला. उरलेली अंडी सखोबाच्या डुकरांनी खाल्ली.

माणसांच्या वाटेत आडवा आला म्हणून मानकऱ्यांनी शाबाजीला वाळीत टाकलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचं कुणी ऐकायचं नाही, तो समोर आला तर मान फिरवायची. जो फिरवणार नाही तोही वाळीत. गावच्या होडीनं त्याला पाणी न्यायचं नाही. तेव्हा आवडूनं वापरात नसलेली एक लहान होडी ओढून पाण्यात घातली. बाईनं वल्ह्याला हात लावायचा नाही अशीही एक रीत होती. ती म्हणाली, "रीत पाणी पेयत नाय, माणूस पेता," आणि वल्हवत बेटावर गेली. पुढे तीही तिथेच राहिली. गावात राहून सारखं येऊन जाण्यापेक्षा दर चौथ्या दिवशी दोन घागरी भरून आणणं तिला सोपं पडलं.

वाचलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली. थोडीच होती. शाबाजी त्यांच्याकडे असा बघायचा की आवडूला वाटायचं, हा डोळे मिटायलाच विसरला आहे.

ज्येष्ठ लागला आणि एका सकाळी त्या थोड्या सुरया पिल्लांना पुढे घालून पूर्वेच्या कपारीत गेल्या. बाकीच्या नैर्ऋत्येकडे चोची करून बसल्या. बेट गप्प झालं. आभाळात ढगाचं नखही नव्हतं. शाबाजीनं पटकूर चढवलं.

किनाऱ्यावरून बायांनी ते पाहिलं आणि होड्या लोटणारे हात थांबले. सखोबा तडक देवळात गेला. "आज होड्यो गेल्योच पायजेत," तो म्हणाला आणि राघो गुरवाला पाकळ्या लावायला सांगितल्या. डावी पडली. सखोबा म्हणाला, प्रश्न नीट घातला नव्हता. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी पडली. राघो पाकळ्या गोळा करून उठायला लागला. सखोबानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या वेळी राघोनं डावी पाकळी अंगठ्यानं दाबून बसवली आणि उजवी नुसती टेकवली. उजवी पडली. अकरा मानकरी समोरच बसले होते. अकराच्या अकरा जणांनी ते पाहिलं, आणि अकराच्या अकरा जणांनी माना डोलावल्या. देवी दोनदा नाही म्हणाली होती. शाबाजीचं नका ऐकू, देवीचं तरी ऐका. पण म्हाताऱ्याला देवी हवी असते ती होयबा म्हणून.

अकरा होड्या निघाल्या. निघायची वाट बेटाला खेटून. शाबाजी पाण्याच्या काठावरच्या कातळावर येऊन उभा राहिला, इतका जवळ की वल्ह्याचं पाणी त्याच्या पायांवर उडत होतं.

"परत फिरा रे," तो ओरडला. "दोन प्रहरात वारो येता. परत फिरा."

होड्यांमधल्या माणसांनी माना फिरवल्या. तो वाळीत होता. कुणी पायांकडे बघत होतं, कुणी शिडाकडे. त्यानं एकेकाला नावानं हाक मारली, बापाचं नाव लावून हाक मारली. एका होडीत आवडूचा सख्खा भाऊ बुधाजी होता. त्याचं वल्हं क्षणभर अडलं. शेजारचा खालच्या आवाजात म्हणाला, "मेल्या, बघू नको. पोरीचा लगीन व्हयचा आसा तुझ्या." बुधाजीनं खाली बघितलं आणि वल्हं मारलं. अकरा होड्या एका माणसाच्या तोंडासमोरून गेल्या आणि एकानंही तोंड वर केलं नाही. ही गोष्ट वाऱ्यानं केली नाही, दर्यानं केली नाही.

दोन प्रहरांनी वारा आला. दुपार असून काळोख पडला. पाऊस आडवा आला, आणि किनारा, बेट, खडकांची रांग, सगळं एका राखेत मिसळून गेलं. होड्या माघारी फिरल्या खऱ्या, पण ती अरुंद वाट कुणाला दिसेना.

शाबाजीकडे होड्यांना चोपडायचं मुशी माशाचं तेल होतं, एक मडकं भरून. त्यानं स्वतःच्या खोपटाचे, माडाच्या विणलेल्या पानांचे सुके झाप ओरबाडून काढले, बेटाच्या उत्तर टोकाला खाचेत मडकं ठेवलं, झाप तेलात बुडवले आणि पेटवले. जाळ दर्याकडून दिसायला हवा होता आणि दर्याकडूनच पाऊस येत होता. म्हणून तो मडक्यावर ओणवा झाला, छातीचा आणि तोंडाचा आडोसा करून. पाण्याचा थेंब पेटत्या तेलात पडला की तेल तडकून उडतं. घरात फोडणी करणाऱ्या पोरीलाही हे ठाऊक असतं. शाबाजीला ठाऊक नव्हतं असं नाही.

"तोंड मागे घ्या," आवडू म्हणाली.

"मागे घेतलंय तर जाळ इझात," तो म्हणाला. "तू झाप दी."

ती झाप देत राहिली. जाळावर जाळ चढला. आणि मग, असं म्हणतात, कपारींतून सुरया उठल्या. अशा वाऱ्यात पाखरू उडत नाही, पण त्या उठल्या, आणि त्या जाळाच्या वर गोल फिरायला लागल्या. पोटाखालून उजळलेल्या, एकावर एक, दीपमाळेसारख्या. आणि ज्या सकाळपासून गप्प होत्या त्या ओरडायला लागल्या. होड्यांवरून जाळ कधी दिसे, कधी विझे, पण पाखरांचा आवाज तुटला नाही. तांडेलांनी तो आवाज उजव्या हाताला धरला आणि वाट सापडली. ज्यांनी सकाळी शाबाजीचं ऐकलं नव्हतं त्यांनी दुपारी पाखरांचं ऐकलं.

अकराही होड्या सुखरूप परत आल्या, असं म्हणतात. कोण म्हणतं, तर सखोबाच्या घरातले म्हणतात. नऊ आल्या. दोन आल्या नाहीत. त्यांत चौदा माणसं होती आणि त्यांत बुधाजी होता. सखोबा किनाऱ्यावर छपराखाली होता. तो भिजलाही नाही.

चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की देवीनं नऊ होड्या राखल्या. शाबाजीला एक नारळ ठेवून गावात परत घ्यावं असंही ठरलं, आणि तो नारळ शाबाजीनंच आणावा असं ठरलं. आवडूनं निरोप घेऊन आलेल्याला सांगितलं, "देवळातलोच एक घ्या आणि गावकाराच्या कपाळार फोडा." दोघं गावात आली नाहीत. पुढे कितीतरी उन्हाळे शाबाजी त्या टोकावर बसून असायचा आणि सुरया त्याच्या खांद्यांवर बसायच्या. एका मृगाला सुरया उडाल्या तेव्हा त्याची जागा रिकामी होती. तो त्यांच्याबरोबर गेला आणि बेटाचा राखणदार झाला, असं म्हणतात.

अजूनही पाडव्यापासून मृगापर्यंत बोडक्या बेटावर दुपारी कुणी पाय ठेवत नाही. उतरायच्या कातळावर पहिल्या दिवशी गोड्या पाण्याच्या दोन घागरी ठेवतात आणि त्या बाईनंच वल्हवत न्यायच्या असतात. माथ्यावरच्या बांबूला दरवर्षी नवं तांबडं पटकूर लावतात, ते जुन्या लुगड्याचंच लागतं. आणि त्या अरुंद वाटेनं जाताना केरवळचा प्रत्येक माणूस, आता यंत्राची होडी असली तरी यंत्र बंद करून, मान वर करून बेटाकडे बघतो आणि मोठ्यानं म्हणतो, "बघतंय रे, शाबाजी." मान खाली घालून गेलेल्या होडीच्या जाळ्याला मासळी लागत नाही म्हणतात. दर्याला नारळ फोडायचा पहिला मान मात्र अजून सखोबाच्याच घराकडे आहे. तेवढं कुणी बदललेलं नाही.

शाबाजीचे दोन्ही डोळे त्या मडक्यातल्या पेटत्या तेलानं गेले. त्यानंतर त्यानं एकही सुरय पाहिली नाही.